स्क्लेरोडर्मातलं निबर फुप्फुस आणि निंटेडानिबची कॅप्सूल

स्क्लेरोडर्मात, म्हणजे कातडी आणि आतले अवयव निबर होत जाणाऱ्या आजारात, फुप्फुसासाठी दिल्या जाणाऱ्या निंटेडानिबची पहिली स्ट्रिप हातात पडली की रुग्णांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. याने धाप कमी होईल का? आणि बोटांची घट्ट झालेली कातडी सैल पडेल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं. तरीही योग्य रुग्णासाठी हे औषध चांगलं आहे, असं आमचं मत आहे. अडचण एवढीच की त्याचा फायदा अंगाला जाणवत नाही आणि त्रास मात्र पहिल्याच महिन्यात पोटाला जाणवतो. हे आधी नीट समजावून सांगितलं नाही, तर निम्मी स्ट्रिप संपायच्या आत औषध बंद पडतं.

औषध काय करतं हे कळायला फायब्रोब्लास्ट ही पेशी समजून घ्यावी लागते. शरीरातल्या बहुतेक अवयवांत ती विखुरलेली असते. कोलॅजनचे धागे विणून उतींना आधार देणं हे तिचं रोजचं काम. कुठे जखम झाली की हीच पेशी रूप बदलते. तिच्या आत अल्फा स्मूथ मसल ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे दोर तयार होतात, ती स्नायूसारखी आकसू लागते आणि जखमेच्या कडा ओढून जवळ आणते. या रूपाला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास भरत्या जखमांमध्ये या पेशींचं वर्णन केलं. जखम भरली की या पेशी मरून जातात आणि काम संपतं. स्क्लेरोडर्मात त्या मरत नाहीत, विणतच राहतात.

त्या का थांबत नाहीत, याचं एक उत्तर फुप्फुसाच्या घट्टपणातच आहे. फायब्रोब्लास्टला रूप बदलायला लावणारा मुख्य संदेश म्हणजे टीजीएफ-बीटा. तो पेशींबाहेरच्या जाळ्यात झोपलेल्या अवस्थेत साठवलेला असतो. मायोफायब्रोब्लास्ट आकसून जाळं ओढतो, जाळं जितकं कडक तितका हा ताण जास्त, आणि त्या ताणाने साठलेला टीजीएफ-बीटा सुटा होतो. तो आणखी पेशींना कामाला लावतो, जाळं आणखी कडक होतं. निबर झालेली भेंडी पुन्हा कोवळी होत नाही, तसंच कोलॅजनने भरलेलं फुप्फुस कुठल्याही आजच्या गोळीने पूर्ववत होत नाही. म्हणून जे अजून कोवळं आहे ते वाचवणं, एवढंच उद्दिष्ट ठेवता येतं. औषध केव्हा सुरू करायचं हा प्रश्न यामुळेच इतका महत्त्वाचा ठरतो.

निंटेडानिब या चक्रात थोडं बाजूने शिरतं. टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा तो निरोप घेणारा भाग, हे त्याचं मुख्य लक्ष्य नाही. फायब्रोब्लास्टला ‘वाढ, सरक, विणत राहा’ असं सांगणारे दुसरे निरोप प्लेटलेटपासून येणाऱ्या पीडीजीएफ आणि एफजीएफ या वाढ-घटकांकडून येतात. त्यांचे रिसेप्टर पेशीच्या आत ज्या खाचेत ऊर्जा घेऊन संदेश पुढे ढकलतात, तीच खाच हे औषध अडवतं. रक्तवाहिन्यांच्या वाढीशी संबंधित व्हीईजीएफ रिसेप्टरही त्यासोबत अडतात. कडक जाळ्याचा ताण आणि टीजीएफ-बीटा हे दोन निरोप चालूच राहतात. औषधाने आजार मंदावतो पण थांबत नाही, याचं हे एक सरळ कारण. रक्तस्राव आणि रक्तदाब यांवरचे परिणाम व्हीईजीएफच्या बाजूने येतात.

आता आकडे. या आजारासाठीची मोठी चाचणी सेन्सिस, २०१९ साली प्रसिद्ध झाली. ५७६ रुग्ण, ५२ आठवडे. रेनॉड (गारठ्यात बोटं पांढरी पडण्याचा त्रास) सोडून आजाराचं पहिलं लक्षण सात वर्षांच्या आतलं आणि सीटी स्कॅनवर फुप्फुसाचा किमान १० टक्के भाग फायब्रोसिसने, म्हणजे निबरपणाने, व्यापलेला, अशा रुग्णांना घेतलं होतं. खोल श्वास घेऊन पूर्ण बाहेर सोडलेल्या हवेचं माप, म्हणजे एफव्हीसी, औषध घेणाऱ्यांत वर्षाला सरासरी ५२.४ मिलीने घटलं. डमी कॅप्सूल घेणाऱ्यांत ते ९३.३ मिलीने घटलं. फरक ४१ मिली. कातडीच्या घट्टपणाच्या गुणांकात फरक पडला नाही, जीवनमानाच्या प्रश्नावलीत नाही आणि मृत्यूंच्या संख्येतही नाही.

या ४१ मिलीवरून बरेच गैरसमज होतात, म्हणून इथे थोडं थांबू. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून एफव्हीसी मोजण्याची चाचणी, करताना एकाच बैठकीतल्या सगळ्यात चांगल्या दोन फुंकरांमध्ये १५० मिलीपर्यंतचा फरक चालतो, असा नियमच आहे. म्हणजे या चाचणीचा स्वतःचा चढउतार औषधाच्या वर्षभराच्या फायद्यापेक्षा मोठा. तीन महिने कॅप्सूल घेऊन केलेल्या एका चाचणीवरून ‘औषध लागू पडलं’ किंवा ‘काही उपयोग नाही’ असं कुणीही सांगू शकत नाही, ना रुग्ण, ना डॉक्टर. एका माणसाच्या बाबतीत औषध सुरू होण्याआधीचा उतार आणि नंतरचा उतार यांची तुलना करावी लागते, आणि त्यासाठी दर तीन ते सहा महिन्यांनी एक याप्रमाणे बरेच ठिपके लागतात. जुने अहवाल फेकू नयेत, ते इथे औषधाच्या बिलापेक्षा मोलाचे असतात.

फुंकरीची चाचणीही नीट व्हायला हवी. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच मशीनवर, साधारण त्याच वेळेला. स्क्लेरोडर्मात तोंड पुरेसं उघडत नाही आणि ओठ पातळ होतात, त्यामुळे माऊथपीसच्या कडेने हवा निसटते आणि एफव्हीसी खोटा कमी दिसतो. तंत्रज्ञाला हे आधी सांगून लहान माऊथपीस मागावा. घरच्या ऑक्सिमीटरचंही तसंच आहे. रेनॉडने गारठलेल्या, पांढऱ्या पडलेल्या बोटावर ऑक्सिजनचा आकडा ८५ दिसला तरी तो खरा असेलच असं नाही. कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा सेन्सर त्यातल्या त्यात भरवशाचा.

मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध आधीपासून घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. सेन्सिसमधले जवळपास निम्मे रुग्ण ते घेतच होते. त्यांच्यात निंटेडानिबसह घट वर्षाला ४०.२ मिली आणि त्याशिवाय ६६.५ मिली झाली. मायकोफेनोलेट न घेणाऱ्यांत हेच आकडे ६३.९ आणि ११९.३ होते. सगळ्यात कमी घट दोन्ही औषधं घेणाऱ्या गटात. हे उपगटांचे आकडे आहेत, त्यावर फार मोठा मजला चढवू नये. पण पहिलं औषध प्रतिकारशक्तीला आवरतं आणि दुसरं फायब्रोब्लास्टला, त्यामुळे दोन्ही जोडीने देण्याला तर्काचाही आधार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमेटॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्क्लेरोडर्माच्या फुप्फुसासाठी पहिल्या फळीत पसंती मायकोफेनोलेट, टोसिलिझुमॅब आणि रिटुक्सिमॅबला आहे. निंटेडानिबही पर्याय म्हणून दिलेलं आहे, आणि आजार पुढे सरकत राहिला तर त्याचं स्थान अधिक पक्कं होतं. त्याच सूचनांत स्टेरॉइडविरुद्ध ठाम शिफारस आहे, कारण जास्त मात्रेतलं प्रेडनिसोलोन या आजारात मूत्रपिंडाचा अचानक घात करू शकतं. ‘सूज आहे तर स्टेरॉइड द्या’ हा हिशोब इथे लागू करू नये.

घ्यायची पद्धत सोपी आहे, पण त्यात सूट नाही. १५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सकाळी, एक संध्याकाळी, मध्ये सुमारे १२ तास. जेवणासोबतच घ्यायची. तोंडावाटे घेतलेल्या औषधातलं जेमतेम ४.७ टक्के रक्तात पोचतं. अन्नासोबत हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढतं, शिवाय मळमळ कमी होते. नुसत्या चहा-बिस्किटावर घेतलेली सकाळची कॅप्सूल हे मळमळीचं नेहमी सापडणारं कारण. पोहे, उपमा, भाकरी, काहीही चालेल, पण पोटात खरं जेवण हवं आणि कॅप्सूल त्याच्या मध्यात. उपवासाच्या दिवशी निर्जळी करू नये. फराळ करणार असाल तर कॅप्सूल फराळासोबत घ्यावी. एखादी मात्रा चुकली तर ती सोडून द्यायची, पुढची वेळेवर घ्यायची, भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. दिवसाला ३०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा.

कॅप्सूल मऊ जिलेटिनची असते. ती चावायची, फोडायची किंवा पाण्यात विरघळवायची नाही. फुटली तर हात लगेच धुवायचे. अन्ननलिका मंदावलेल्या रुग्णांना गिळताना ती छातीत अडकल्यासारखी वाटते. आधी एक घोट पाणी, मग कॅप्सूल, मग अर्धा पेला पाणी, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं न होणं एवढ्याने बहुतेकांचं भागतं. साठवण २५ अंशांखाली आणि कोरड्या जागी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ओट्यावर किंवा फ्रिजच्या वर ठेवलेल्या कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात. घरातल्या सगळ्यात गार कपाटात, मूळ स्ट्रिपमध्येच ठेवाव्यात. आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नयेत.

मूळ उत्पादकाच्या कॅप्सूलमध्ये सोया लेसिथिन असतं. सोया किंवा शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असलेल्यांनी ती घेऊ नये, असं युरोपातल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे दाण्याचा कूट घराघरांत असतो, तेव्हा ॲलर्जी असेल तर ती सहसा माहीत असते. पण औषधाच्या संदर्भात ती सांगायचं कुणाला सुचत नाही.

आता खरी परीक्षा: जुलाब. सेन्सिसमध्ये औषध घेणाऱ्यांपैकी ७५.७ टक्के लोकांना जुलाब झाले, डमीवर ३१.६ टक्क्यांना. मळमळ ३१.६ विरुद्ध १३.५, उलट्या २४.७ विरुद्ध १०.४. त्रासामुळे औषध कायमचं सोडणारे १६ टक्के, डमीवर ८.७. बहुतेकांचे जुलाब सौम्य ते मध्यम असतात आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांतच डोकं वर काढतात. म्हणून लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी आणि ओआरएस पहिल्या दिवसापासून घरात असावं, ते कसं घ्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पातळ शौचालाच उपाय सुरू करावा. आठवडाभर सोसून, पाच किलो वजन गमावून मग फोन करण्यात काही अर्थ नाही. त्या दिवसांत मऊ भात, पेज, पातळ ताक आणि केळं. तळलेलं, तिखट आणि दुधाचा मोठा पेला बाजूला.

स्क्लेरोडर्मात इथे एक सापळा आहे. या आजारात आतड्याची हालचालच मंद होते आणि लहान आतड्यात जिवाणू माजतात. त्यानेही जुलाब होतात, सोबत पोट फुगतं, ढेकर येतात, दुर्गंधी असते. अशा पोटात लोपेरामाइड ओतत राहिलं तर आतडं पूर्ण ठप्प होण्याची भीती असते. तेव्हा औषध सुरू करण्याआधी रोज किती वेळा शौचाला होतं, पोट फुगतं का, वजन किती, हे लिहून ठेवावं. पोट आधीपासूनच बिघडलेलं असेल तर त्याचा इलाज प्रथम. फुगलेलं ताठ पोट, उलट्या आणि शौच बंद, असं दिसलं तर लोपेरामाइड थांबवून थेट रुग्णालय गाठावं. मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात. दोन्ही औषधं एकाच आठवड्यात सुरू केली तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. चाचणीत मायकोफेनोलेटची मात्रा आधीचे सहा महिने स्थिर असावी अशी अट होती. तेवढं थांबणं प्रत्येकाला परवडेलच असं नाही, पण दोन्हींमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवावं असं आम्हाला वाटतं.

उपाय करूनही जुलाब आटोक्यात येत नसतील तर औषध काही दिवस थांबवून १०० मिलिग्रॅम दोन वेळा, अशी मात्रा कमी करता येते. चाचणीतही एक तृतीयांशाहून जास्त लोकांची मात्रा कमी करावी लागली होती आणि वर दिलेला निकाल त्यांना धरूनच आलेला आहे. म्हणून १०० वर उतरणं म्हणजे हार नव्हे. ५० टक्के दिवस विसरून, वैतागून १५० घेण्यापेक्षा रोज न चुकता १०० घेणं केव्हाही चांगलं. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी, रिकाम्या पोटी करावं. घट चालूच राहिली तर आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर दोघांनाही कळवावं.

यकृताची तपासणी टाळू नये. औषध सुरू करण्याआधी, नंतर तीन महिने दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन. एन्झाइम सामान्य मर्यादेच्या तीन ते पाच पट गेले तर मात्रा कमी किंवा तात्पुरती बंद. पाच पटीच्या पुढे, किंवा तिपटीसोबत कावीळ वा यकृत बिघडल्याची लक्षणं असतील तर औषध बंदच. बायका, कमी वजनाचे लोक आणि आशियाई वंशाचे रुग्ण यांच्यात एन्झाइम वाढण्याची शक्यता जास्त असते. स्क्लेरोडर्माचे रुग्ण बहुतांश बायकाच, तेव्हा आपल्याकडे ही तपासणी नाममात्र समजू नये. मूत्रपिंडातून एक टक्क्याहून कमी औषध बाहेर पडतं. त्यामुळे क्रिएटिनिन थोडं वाढलेलं असेल तर मात्रा बदलावी लागत नाही.

सोबतच्या औषधांत सगळ्यात मोठा अडथळा रिफॅम्पिसिनचा. क्षयाच्या उपचारातलं हे औषध निंटेडानिबचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आणतं. भारतात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला क्षय होणं काही दुर्मीळ नाही, म्हणून हा मुद्दा माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात राहू देऊ नये. फिट्सवरचं फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनही त्याच वाटेने प्रमाण घटवतात. उलट बुरशीवरचं केटोकोनॅझोल ते सुमारे ६० टक्क्यांनी वाढवतं, एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकानेही वाढू शकतं. अशा वेळी जुलाब अचानक वाढले तर दोष जेवणाला देऊ नये. बिडी-सिगारेटने औषधाचं प्रमाण घटतं, आणि फुप्फुसाचं नुकसान वेगळंच. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी मात्र फरक पडल्याचं दिसलेलं नाही, त्या चालू ठेवाव्यात. या आजारात घशाशी येणारं आम्ल स्वतःच फुप्फुसाला त्रासदायक असतं.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाकडे लक्ष हवं. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला हे औषध चालू असल्याचं आधी सांगावं, कारण जखम भरायला उशीर होऊ शकतो. जखम भरणारी पेशी आणि आपण आवरू पाहतो ती पेशी एकच. फुप्फुसातला रक्तदाब तीव्र वाढलेला असेल तर हे औषध वापरू नये. म्हणून सुरुवातीलाच इकोकार्डियोग्राम हवा. गरोदरपणात हे पूर्ण वर्ज्य. मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीची सुरू करण्याआधी गर्भचाचणी, औषध चालू असताना आणि शेवटच्या मात्रेनंतर तीन महिने भरवशाचं गर्भनिरोधन. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत गर्भनिरोधक गोळी पोटात टिकेलच असं नाही, तेव्हा दुसरा उपाय जोडीला हवा. ही गोष्ट तरुण मुलीला आईसमोर नव्हे, एकटीला बसवून सांगावी.

आमवाताचे रुग्ण विचारतात, आमच्या सांध्यांतही फायब्रोब्लास्टच खेळ करतो म्हणे, मग हे आम्हाला का नाही? प्रश्न रास्त आहे. सांध्याच्या अस्तरातले फायब्रोब्लास्ट कूर्चा आणि हाड कुरतडतात. २०१९ मध्ये उंदरांवर झालेल्या कामातून असंही दिसलं की अस्तराच्या वरच्या थरातले फायब्रोब्लास्ट हाड-कूर्चेचं नुकसान करतात आणि खालच्या थरातले सूज पेटती ठेवतात. पण हे कुरतडणं म्हणजे विणणं नव्हे, आणि निंटेडानिब सांध्यांसाठी मंजूर नाही. आमवाताने फुप्फुस फायब्रोसिसकडे जात असेल आणि ते वाढत असेल तर गोष्ट वेगळी. इनबिल्ड या २०१९ च्या चाचणीत ६६३ रुग्णांपैकी ८९ जणांना आमवाताचं फुप्फुस होतं. एकूण चाचणीत औषधावर एफव्हीसीची वर्षाची घट ८०.८ मिली, डमीवर १८७.८. म्हणजे उतार जितका तीव्र, तितकं हे औषध जास्त वाचवतं.

विकत घेताना: भारतात आता मूळ ब्रँडसोबत देशी कंपन्यांचं निंटेडानिबही मिळतं आणि किमतींत मोठा फरक असतो. परवाना असलेल्या कंपनीचं देशी औषध घ्यायला आमची हरकत नाही. मात्र दर महिन्याला दुकानदार देईल ते, असं नको. एक निवडून त्यावर राहावं, आणि बदललं तर तारीख लिहून ठेवावी. १०० आणि १५० च्या स्ट्रिप शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. मात्रा कमी झाल्यावर जुनी १५० ची स्ट्रिप घरात उरते आणि चुकून तीच उघडली जाते. चिठ्ठीवरचा आकडा आणि स्ट्रिपवरचा आकडा काउंटरवरच ताडून पाहावा. औषध लांबच्या मुदतीचं आहे, म्हणून सुरू करण्याआधी किमान वर्षभराच्या खर्चाचा हिशोब घरात मांडावा. तीन महिने घेऊन, दोन महिने पैशाअभावी थांबून, पुन्हा सुरू केलं तर उताराचा आलेख वाचता येत नाही आणि जुलाबांची सुरुवात मात्र दर वेळी नव्याने होते.

वर्षभराने एफव्हीसी तरीही १० टक्क्यांनी किंवा जास्त घटला, किंवा ५ ते १० टक्के घट आणि सोबत धाप वाढली, तर औषध आपल्या मनाने बंद करू नये. त्या वेळी आधी पाहायचं ते असं: रोज दोनदा जेवणासोबत कॅप्सूल घेणं चुकत होतं का, मध्ये क्षयाची किंवा फिट्सची औषधं आली का, फुप्फुसाचा रक्तदाब वाढला का, छातीत संसर्ग आहे का, अन्न श्वासनलिकेत जातंय का. ही सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर मायकोफेनोलेट, टोसिलिझुमॅब किंवा रिटुक्सिमॅब जोडण्याचा विचार होतो, आणि तरुण रुग्ण असेल तर फुप्फुस प्रत्यारोपणाच्या केंद्राकडे नाव त्याच भेटीत पाठवावं, ऑक्सिजन लागेपर्यंत थांबू नये.